मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे?

सोमवार, संध्याकाळ

परवा लिहिलं की काकू तंबाखूला शिवत नाही. चूक. मी विचारलं, ती "न्हाई" म्हणाली, मी खरं मानलं.

कॅन्सर तपासणी ठरवायला आज बीडला दवाखाना, नगरपालिका आणि आमचा दूध संघ एकत्र बसले. संघाकडून मी होते. नर्सबाई म्हणाल्या, "तंबाखू विचारूच नका. मिश्री लावता का, विचारा. भाजलेला तंबाखूच तो." सगळ्यांनी लगेच मान्य केलं. मला मात्र काकूचं ते "न्हाई" आठवलं.

घरी येऊन काकूला विचारलं.

"लावते की. दात घासायची हाय ती. तिला तंबाखू कावून म्हणतीस?"

तोंड उघडायला लावलं. गालात आत पांढरा चट्टा, नर्सबाईंनी धोक्याची खूण म्हणून सांगितला तसाच.

"तुला बाराखडी म्या शिकवली, आता तू मला आ करायला शिकव," म्हणून हसली. मला हसू आलं नाही. किती दिवसांचा असेल? पण आज कळलं तरी. त्या नर्सबाईंचे उपकार कसे फेडू?

गुरुवारी संघाची गाडी बायकांना तपासणीला नेणार आहे. नेमका पाण्याच्या टँकरचा दिवस, म्हणून काकू अडून बसली. शेजारच्या सुमनवहिनी आपणहून म्हणाल्या, "तुमच्या घागरी मी भरते, जावा तुमी."

गुरुवारी काकूला घेऊन मी त्या गाडीत बसणार.