ब्रिटिशांच्या रांगेत

लंडन, १२ मे १९९७

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. सुखरूप पोचले. इथे भात मिळतो, काळजी नको.

विमानतळावर मात्र डोकं फिरलं. पासपोर्ट ब्रिटिश, म्हणून ब्रिटिशांच्या रांगेत उभी राहिले. अधिकारी म्हणाला, "हाँगकाँगवाल्यांनी परक्यांच्या रांगेत जायचं. या पासपोर्टवर प्रवास करता येतो, इथे राहता येत नाही."

"मग जुलैमध्ये तुम्ही हाँगकाँग चीनला दिल्यावर मी कुठली?"

"पुढचे!" तो ओरडला.

मी हललेच नाही. शेवटी दोघांनी दंडाला धरून बाजूला नेलं.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना हे सांगू नकोस. तीस वर्षं त्यांनी हाँगकाँगमध्ये याच सरकारसाठी आगी विझवल्या. त्याबद्दल मिळालेलं पदक तोवर भिंतीवर राहू दे. परत आले की मीच ते उतरवीन.

तुझीच,
लाय-क्युन