डावीकडचा ब्रेक

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय चिऊ,

सकाळी सातला निघालो, अकराला परत आलो. मध्ये एकदा पडलो. गुडघा खरचटलाय, हाड शाबूत आहे. लगेच फोन करू नकोस, आधी हे पूर्ण वाच.

रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेच्या जंगलवाटेवर मी अजून दर रविवारी जातो, तेही तुझ्या आईच्या सायकलवर. दोन्ही सायकली कोठीत ठेवल्यात असं तुला सांगितलं होतं, ते खोटं होतं. माझी ठेवलीय. तिची नुसती उभी ठेवणं जमलं नाही. वाटेची मात्र पार वाट लावलीय. मातीवर खडी ओतलीय आणि जागोजागी पाट्या: हळू चालवा, आवाज करू नका, रांगेत जा. आई असती तर म्हणाली असती, एवढ्या पाट्यांसाठीच झाडं तोडली असतील. मला हल्ली असलं काही सुचत नाही, नुसती चिडचिड होते.

पुलाआधीच्या उतारावर मी नेहमीसारखा उजवा ब्रेक दाबला, मागचा समजून. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मी हँडलवरून खडीत. आठ महिने घालवून तिचे उलटे ब्रेक हाताला बसवले होते, आणि ते कुणीतरी परस्पर सुलटे केले होते. गेल्या आठवड्यात फक्त ब्रेकचे रबर बदलायला सायकल दिली होती. तसाच लंगडत दुकानात गेलो आणि भर दुकानात त्या मेकॅनिकवर ओरडलो. मी ओरडलो, यावर तुझा विश्वास बसणार नाही. तो बिचारा म्हणाला, काका, माझ्यावर कशाला तापता, तुमच्या मुलीनेच फोन करून सांगितलं, आणि तुम्हाला बोलू नका म्हणाली. कधीतरी ती सायकल दुरुस्तीला येईलच, हे तू ओळखलं होतंस तर.

घरी येईपर्यंत तुझ्यावर चिडलो होतो. गुडघा धुताना डोक्यात प्रकाश पडला, आणि तो राग माझ्यावरच उलटला.

गेल्या वर्षी सुट्टीत तूच आईच्या सायकलचे ब्रेक उलटे लावले होतेस. तुम्ही दोघी डावखुऱ्या, त्यामुळे पुढचा ब्रेक तुमच्या जोराच्या हाताला हवा. मी उगाच नाक खुपसलं, तर तुम्ही मला चहा करायला पिटाळलंत. त्यानंतर ती उतारावर माझ्या पुढे जायला लागली. ती गेली तेव्हा सगळे एवढंच म्हणत होते की वळणावर सायकलवरून पडली. तूही ऐकलंस आणि चार दिवसांत परत गेलीस. नंतर एकदाही आली नाहीस. मला वाटलं, नोकरीत रजा मिळत नसेल. बाप म्हणून मी इतका मठ्ठ आहे.

तिने ब्रेक दाबलाच नव्हता, चिऊ. पडली ती वळणाच्या बरीच आधी, सपाट वाटेवर. मी मागेच होतो. डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलंय की हृदय बंद पडलं, बहुधा पडण्याआधीच. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. तुला पाठवला नाही, कारण पाठवला असता तर तू विचारलं असतंस, बाबा, तुम्ही काय पाहिलंत. आमची पद्धत तुला माहीत आहे. सायकलवर बोलायचं नाही. पुढच्याने हात वर केला की मागच्याने तिकडे बघायचं, काहीतरी दाखवण्यासारखं असतं. त्या दिवशी तिने हात वर केला. मी झाडांकडे बघितलं. पक्षी शोधत राहिलो. खाली बघितलं तेव्हा ती पाचोळ्यात होती. ते चार-पाच सेकंद मी कुणाला सांगितले नाहीत, आणि तेवढ्यासाठी तुला आठ महिने त्या ब्रेकचं ओझं वाहू दिलं. हे फोनवर मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं. कागदाची प्रत सोबत जोडतोय. तुझी चूक नव्हती.

मधे पत्र ठेवून मागच्या पायरीवर बसलो आणि ब्रेकच्या तारा सोडवून तू लावल्या होत्यास तशा पुन्हा लावल्या. पाऊण तास लागला. तू आलीस की पुढे तूच राहा. आता हात धुऊन लिहितोय, ग्रीस लवकर निघत नाही.

तुझाच,
बाबा