डोंगराला वळसा

सावली गाव, फेब्रुवारीतला दुसरा रविवार

आज खेळ संपवायचा, असं ठरवूनच बसलो होतो. सहा वर्षं मी गोष्ट सांगतोय. प्रशांत आणि महेश त्यातले वीर होऊन फासे टाकतायत. आता दोघेही विसाव्या पातळीवर, म्हणजे शेवटच्या. उडतात. मेले तर परत येतात. त्यांना भीती वाटत नाही आणि मला, खरं तर, काहीच वाटत नाही. कधीपासून?

शेवटचा राक्षस मी नकाशावरच्या डोंगरात लपवला होता. प्रशांतनं फासा उचलला.

"एका मंत्रात पहाड सपाट करतो, भाऊ."

"पहाड नको पाडू," महेश म्हणाला. तो एटापल्लीकडचा, तिथले डोंगर फोडणाऱ्या खाणीवर ट्रक चालवतो. लोहखनिजाची लाल धूळ त्याच्या बोटांवरून जात नाही. फाशांवर, कागदांवर उमटते.

"काऊन बे? तुया सासरा राह्यते का तिथी?"

"कोणाचा तरी देव असन."

प्रशांत माझ्याकडे वळला. "देव लिहिला का तुमी?"

"नाही."

"भाऊनं नाई लिहिला," महेश म्हणाला. "पण असन."

प्रशांत हसायला लागला आणि थांबला. फासा खाली ठेवला. मग उडता येणारे ते दोघे संध्याकाळपर्यंत डोंगराला पायी वळसा घालत राहिले.

उठताना महेशनं नकाशावर बोट ठेवलं. "मांगच्या बाजूले काय आहे, भाऊ?"

ते मी कधी लिहिलंच नव्हतं.

डोंगरावर त्याचं लाल बोट उमटलंय. आनंद झाला, असं नाही. पण पुढच्या रविवारी सांगतो, असं माझ्या तोंडून गेलं.