डाळिंबाचा रंग

८ जानेवारी

मार्थाला आज परत खोटं सांगितलं.

ती अमेरिकन, त्र्याहत्तर वर्षांची. इथे आखातात, खलिफा सिटीत मुलाकडे राहते, आमच्याच व्हिलात खाली. जन्मभर फळांचीच चित्रं काढली — समोर आहे अगदी तसं. सध्या पांढऱ्या बशीत फोडलेलं डाळिंब. "मृणालिनी, रंग जमलाय ना?"

नाही जमला. दाणे मातकट, बशीची कड वेडीवाकडी. मी म्हटलं, "परफेक्ट!" या वयात कशाला कुणाचं मन मोडायचं?

११ जानेवारी

ईशानीला खाली नेलं. चित्र बघताच म्हणाली, "मम्मा, व्हाय इज इट ब्राउन?" मी तिचा हात दाबला. मार्थाला नीट ऐकू गेलं नसावं. "काय म्हणाली?" तिने विचारलं, तर आठ वर्षांची माझी पोर गुमान म्हणाली, "इट्स नाइस."

जिना चढताना मला विचारते, "बट इट वॉज ब्राउन, नो?"

१२ जानेवारी

ईशानी डबा न बघताच "इट्स नाइस" म्हणून घेऊन गेली. मला उगाच लागलं.

१९ जानेवारी

मार्थाचं डाळिंबाचं चित्र प्रदर्शनात लागायचंय. डावीकडचे दाणे तिने परवा रंगवलेले, उजवीकडचे आज. "कुठले खरे वाटतात?" मी ऑफिसच्या कॉलवर होते. धड न बघताच म्हटलं, "आजचे."

फोन ठेवून पाहिलं तर परवाचेच बरे होते, थोडे तरी लाल. तोवर तिने पातळ सुरीने ते खरवडायला घेतले होते. थांब म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. नुसती बघत राहिले.

२० जानेवारी

नवरा, सिद्धांत, मुसफ्फाच्या कामावरून आल्यावर त्याला सांगितलं. बूट काढता काढता म्हणाला, "तू कशाला पडतेस मध्ये? छान आहे म्हणायचं, खलास."

तेच तर करतेय.

२६ जानेवारी

मार्थाला सांगून टाकलं. रंगाचं, बशीचं, सगळं.

तिने ब्रश खाली ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून. सॉरी, मार्था."

"मला तर बशीची कड नीटच दिसते," ती म्हणाली. मग बोटाने चाचपत मुलाला फोन लावला. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. आजच."

३० जानेवारी

दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचं दुखणं आहे, डाव्याचं फार पुढे गेलेलं. वेळेवर इंजेक्शनं सुरू झाली असती तर त्याची बरीचशी नजर वाचली असती, डॉक्टर म्हणाले. आता उजवा जपायचा.

डिसेंबरात चष्म्याचा नंबर तपासायला गेली, तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं होतं — रंग वेगळे वाटतात का? तिने नाही म्हणून सांगितलं.

"मला शंका यायची," मार्था म्हणाली, "पण तू रोज बघून जायचीस ना."