राणीमाश्यांची सोयरीक

आदरणीय व्याहीबुवांस,

सादर नमस्कार. आपल्या गुडघ्याची सूज आणि विहीणबाईंचा माझ्यावरचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक. माझा डावा डोळा माशी चावून मिटला आहे, पण पत्राला एक डोळा पुरतो.

त्याचे असे झाले. आमचा मुलगा गेल्यापासून त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या सूनबाईच सांभाळते. (मी सल्ला देतो. तो कोणी घेत नाही.) यंदा माश्या फार चिडक्या निपजल्या, तेव्हा चांगल्या जातीची पैदास करायचे तिने मनावर घेतले. अडचण अशी की तरुण राणीमाशी उडत जाते आणि हवेतच दहा-पंधरा नरांशी लग्न लावून येते. कूळ विचारायची सोयच नाही! म्हणून काही थंड देशांत राण्यांना निर्जन बेटावर नेतात आणि तिथे निवडक नरच ठेवतात. मुलाने हे सारे शिकून घेतले होते, करायचे तेवढे राहिले.

आम्ही नावेतून तलावातल्या बेटावर गेलो. पेटी उतरवताना मी पाण्यात पडलो, पेटी वाचली. वर पाहतो तो तिथल्या एकुलत्या एका झाडाला हे एवढे रानटी मोहोळ! वरपक्ष आधीच हजर. सूनबाई खळखळून हसली, वर्षभरात पहिल्यांदा. मग हसता हसता रडू लागली. पेटी परत नावेत घेतली आणि मी वल्ही मारत राहिलो. (उलट्या दिशेने, हे नंतर कळले.)

दुसरी पद्धत माझ्या आवडीची, कारण तिच्यात काहीच करायचे नसते. काही देशांत म्हणे औषधपाणी बंद करतात आणि जी जात तगेल तीच वाढवतात. आम्हीही तेच केले. निम्म्या पेट्या मेल्या. मेलेल्या माश्या झाडूने गोळा करताना ती म्हणाली, “बाबा, ह्यांनी जपलेल्या पेट्या मी मारल्या.” सल्ला माझा होता, हे मी तिला दोनदा सांगितले. पण सांगितले ना, माझे कोणी ऐकत नाही.

शेवटी संशोधन केंद्रातला तंत्रज्ञ आला. हा राणीला गुंगी देतो, मायक्रोस्कोपखाली धरतो आणि बारीक सुईने नराचे बीज तिच्या पोटात सोडतो. परदेशांत हे सर्रास चालते. मी बघायला वाकलो आणि एका माशीने डोळ्यावर डंख मारला, तो अजून उघडायचा आहे. माणूस अबोल, लाजाळू, पण हात जराही कापत नाही. राण्या अंडी घालू लागल्या. काम संपले, तरी तो दोनदा येऊन गेला. चहा थंड होईपर्यंत बसतो.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
व्याही

ता. क. : त्याने सूनबाईला लग्नाचे विचारले. ती नाही म्हणाली. कारण विचारले तर म्हणते, “तुम्हाला कोण बघणार?” तिच्या डोळ्यांत मात्र नकार नव्हता. माझे ती ऐकायची नाही. आधी ती तुमची लेक आहे, तेव्हा लवकर या आणि तिला तयार करा.

दुसरी ता. क. : आल्यावर तिच्यादेखत मला विचारा, “एकट्याने राहायला जमेल ना?” मी मोठ्याने हो म्हणेन. कृपा करून पुन्हा विचारू नका.