कडू तवसं

मोरजी, २४ सप्टेंबर २०२४

ती. सुलोचना आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. रविवारी मी निघाल्यावर तुला उलट्या झाल्या, असं रुद्रेशदादाने काल कळवलं. पोटाच्या दुखणेकऱ्याला हॉटेलची थेरं कशाला, असं म्हणाला. तुझा मुलगाच तो, आईसाठी मला बोलणारच.

गोळ्यांनी तुझं पोट बिघडलं, डॉक्टरांनी दही सांगितलं, म्हणून मोठ्या ऐटीत आमच्या हॉटेलातली ग्रीक चटणी केली. दही पंच्यात टांगून घट्ट चक्का नेला होता. तवसं किसून, मीठ लावून पिळलं. लसूण, पुदिना, चमचाभर तेल घातलं. तवसं चाखायचं तेवढं राहिलं. बस चुकेल म्हणून घाई! डब्यातली उरलेली चटणी काल खाल्ली, तर जहर कडू. इथे परक्यांसाठी प्रत्येक काकडी चाखते, आणि जिने मला आईमागे वाढवलं तिच्यासाठी नाही.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी देवकी

इब्रामपूर, २८ सप्टेंबर

चि. देवकीस अनेक आशीर्वाद.

पोट निवळलं, पेज जाते. रडू नको गे बाय.

तवसं कडू आहे हे मला पहिल्याच घासाला कळलं होतं. सांगितलं असतं तर तू परत रांधायला उठली असतीस, आणि तेवढ्यात बसची वेळ झाली असती. चतुर्थीलाही आली नव्हतीस. समोर बसून बोलत होतीस; अर्धंच ऐकू आलं, पण तोंड तर दिसत होतं. म्हणून वाटी संपवली, वर ‘चटणी बरी झालीय’ म्हणत आणखी मागितली. माझ्या हावरेपणापायी तुला बोलणी खावी लागली, आणि मी गप्प राहिले. रुद्रेशला आज खरं सांगितलं. तो ओशाळला आहे.

आठवण ठेव, जिवाला जप.
आत्या

मोरजी, २ ऑक्टोबर

ती. आत्येस शि. सा. न.

तुझं पत्र वाचून अधिकच मेल्यासारखं झालं. घरच्या माणसाकडे मी पाहुणीसारखी आले, म्हणून तू कडू गिळलंस. हंगाम तोंडावर आलाय, मालकीण कुरकुरली, तरी रजा घेतली. शनिवारी येते, चांगली चार दिवस राहीन. दही तुझ्याच घरी टांगू. तवसं कडू निघालं तर तोंडावर सांग. आणि चटणी नकोच असेल तर तेही सांग. मी नुसती बसेन.

तुझीच,
देवकी