बोरीवरचं मोहोळ

नाना,

परवा नामपूरहून काका आले होते. गॅलरीतल्या माझ्या कुंड्या बघून हसायलाच लागले. तुळशीच्या मंजिऱ्या मी खुडत नाही, कोथिंबीर फुलावर जाऊ देते, नर्सरीत झेंडूचं रोप उचलण्याआधी यावर काय मारलंय ते विचारते. बाजारात भोकं पडलेली मेथी मुद्दाम घेते. मधमाश्यांसाठी हो, म्हटलं. तर चहा पिता पिता म्हणाले, "बापानं मारल्या त्याची भरपाई करती काय गं?"

"नानांनी? मोहोळ तर मी उठवलं होतं."

"तू? अगं येडे, तुझ्या बापानं भर फुलावर औषध मारलं व्हतं, सकाळच्या पारी. वाफ्यात नुसता माश्यांचा सडा. मीच झाडून पाटीत भरल्या."

नाना, अजून डोळ्यांसमोर आहे. मी चौथीत आहे. कांद्याच्या बियाण्याचा आपला प्लॉट पांढऱ्या गोंड्यांनी भरलाय, आणि माशी बसल्याशिवाय गोंड्यात बी धरत नाही हे तुम्हीच मला बांधावर उभं करून शिकवलंय. मग गोंडे वाळतात, तुम्ही एक तळहातावर चोळता, नुसतं भूस. आई ओट्यावर बसून रडतेय. आणि तुम्ही सगळ्या भाऊबंदांसमोर माझ्याकडे बोट दाखवता, "हिनं बोरीला दगड मारला, मोहोळ उठलं." दगड मी मारला होता, बोरं पाडायला. मोहोळाला लागलेला मला दिसला नव्हता. पण तुम्ही म्हणालात म्हणजे लागलाच असणार. पुढे गावात कुणाचंही बी कमी आलं की लोक माझ्याकडे बघून हसायचे. माझ्या लग्नात भाऊबंदांनी सासरच्यांनासुद्धा हाच किस्सा सांगितला, आणि तुम्ही शेजारी बसून हसलात!

चूक कुणाकडूनही होते. फुलकिडे दिसले असतील, दुकानदारानं बाटली हातात ठेवली असेल, घाबरला असाल. मी समजून घेतलं असतं हो. पण एवढ्याशा पोरीच्या माथ्यावर खापर फोडलंत, आणि मरेपर्यंत तोंड उघडलं नाहीत. मी इथे नाशकात कुंड्या मांडून तुमच्या पापाचं प्रायश्चित्त घेत बसले. लाज कशी वाटली नाही, नाना? दवाखान्यात शेवटचे पंधरा दिवस मी तुमच्या उशाशी होते. तेव्हा तरी सांगायचं.

हे कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे कपाटात.

फक्त एक सांगते. काल लेकीनं विचारलं, "आई, नामपूरचे आजोबा म्हणत होते ते खरं? नानांनी माश्या मारल्या?" मी पोळी लाटत होते. मान वर न करता म्हटलं, "छे गं, त्यांचं वय झालंय, काहीतरीच आठवतं त्यांना. नाना माश्यांना फार जपायचे." काकांना विसरभोळं ठरवलं आणि मोकळी झाले.